एंटर दाबण्याआधी

कीबोर्डवरची कळ आणि समोरची स्क्रीन यांच्यामध्ये संगणकात एक मुका मध्यस्थ बसलेला असतो. माणसाचे सांगून झाले की नाही, हे तो ठरवतो. त्याच्या साठ वर्षांच्या प्रवासाची आणि एका किरणोपचार यंत्रात त्याचा अंदाज चुकला तेव्हा काय झाले, त्याची ही हकिगत.

मोबाइलवरून कुणाला पाचशे रुपये पाठवायचे आहेत आणि घाईत एक शून्य जास्त पडले, तर आपण घाबरत नाही. शून्य खोडतो, रक्कम पुन्हा पाहतो आणि मग पुढचे बटण दाबतो. तोपर्यंत आपण काही सांगितलेलेच नाही, असे यंत्र धरून चालते. माणूस बोलताना अडखळतो, चुकतो, शब्द मागे घेतो. त्याचे सांगून पूर्ण होईपर्यंत ऐकणाऱ्याने कामाला लागायचे नसते. रीत साधी आहे, पण संगणकाला ती उपजत येत नव्हती. ती त्याला शिकवावी लागली.

हे काम करतो तो ऑपरेटिंग सिस्टीममधला टर्मिनल हाताळणारा भाग. टर्मिनल म्हणजे माणसाने संगणकाशी बोलण्याचे ठिकाण. दाबलेली अक्षरे प्रोग्रॅमपर्यंत पोचवायची आणि प्रोग्रॅमचे उत्तर माणसाला दाखवायचे, एवढेच त्याचे काम. संगणकाचा वेग, साठवण, बुद्धिमत्ता यांची चर्चा रोज होते. या मध्यस्थाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

कागदावरचे संभाषण

१९५० च्या दशकात संगणकाशी बोलणे म्हणजे पत्रव्यवहार होता. प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तरासाठी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी यायचे. एखादे चिन्ह चुकले असेल, तर ते तेव्हा कळायचे आणि पुन्हा नवा गठ्ठा.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाच्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडा संगणक आपला वेळ अनेकांमध्ये वाटून देत होता. प्रत्येकाच्या पुढ्यात विजेवर चालणारा टाइपरायटर, आणि प्रत्येकाला वाटायचे की संगणक आपल्याशीच बोलतो आहे. आता तो पत्रव्यवहार राहिला नव्हता, संभाषण झाले होते. संभाषण म्हटले की कोण कधी बोलणार आणि कोण कधी ऐकणार, याचे नियम आलेच.

या संभाषणासाठी मुद्दाम नवे उपकरण कुणी घडवले नाही. तारखात्यांत आणि वृत्तसंस्थांत वापरात असलेला टेलिप्रिंटर संगणकाला जोडला गेला. आपल्याकडच्या वृत्तपत्रांच्या कार्यालयांतही एकेकाळी बातम्या घेऊन अखंड खडखडणारे यंत्र असे, त्याच कुळातले हे. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ त्यात विशेष गाजले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापत असे, तीही फक्त मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरे. स्क्रीन नव्हती, माणसाचा प्रश्न आणि संगणकाचे उत्तर एकाच कागदाच्या गुंडाळीवर उमटत जायचे.

त्या काळातली एक गंमत आजही तशीच टिकून आहे. कीबोर्ड आणि छापणारा भाग एकाच पेटीत असले, तरी संगणकाशी जोडताना त्यांना बहुधा स्वतंत्र ठेवले जाई. दाबलेले अक्षर आधी तारेतून संगणकाकडे जायचे आणि संगणक ते परत पाठवेल तेव्हाच कागदावर उमटायचे. याला 'एको' म्हणजे प्रतिध्वनी म्हणतात. म्हणजे आपल्याला दिसते ते आपण दाबलेले अक्षर नव्हे, तर 'हे मला ऐकू आले' अशी संगणकाने दिलेली पोच. पासवर्ड टाइप करताना लिनक्सच्या टर्मिनलमध्ये काहीच दिसत नाही, साधे ठिपकेही नाहीत, याचे कारण हेच. संगणक सगळे ऐकत असतो. त्याने फक्त पोच देणे थांबवलेले असते. पासवर्डची पद्धत संगणकात प्रथम आणणाऱ्यांत सीटीएसएसचेच नाव घेतले जाते.

कागदावरचे अक्षर खोडायचे कसे?

माणूस टाइप करताना चुकणारच. पण छापलेले अक्षर कागदावरून पुसता येत नाही. मग चूक मागे घ्यायची कशी?

१९६९ मध्ये बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला घेतली. तिच्यातली खोडण्याची पद्धत सरळ होती. # हे चिन्ह दाबले की त्याआधीचे एक अक्षर रद्द, आणि @ दाबले की सगळी ओळ रद्द. मराठीत उदाहरण घ्यायचे तर 'कल#र' असे टाइप केले की कागदावर ते तसेच दिसायचे, पण संगणक 'कर' असे वाचायचा. पुढे ईमेलच्या पत्त्यात @ आले, तेव्हा ही सोय अडचणीची ठरली. पत्ता लिहायला घेतला की मध्येच सगळी ओळ रद्द व्हायची! ते टाळायला @ च्या आधी एक तिरकी रेघ द्यावी लागे.

ही दुरुस्ती प्रोग्रॅम करत नव्हता. ती मध्यस्थ करत होता. माणूस टाइप करत असताना तो एकेक अक्षर स्वतःजवळच्या छोट्या साठ्यात ठेवायचा, खाडाखोड तिथेच उरकायचा आणि एंटर दाबल्यावर स्वच्छ ओळ प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा. तोवर प्रोग्रॅम चक्क झोपलेला असायचा. यामागे काटकसर होती. संगणकाचा वेळ महाग, आणि सेकंदाला दोन-तीन अक्षरे टाइप करणाऱ्या माणसासाठी प्रत्येक कळीला प्रोग्रॅम जागा करणे परवडणारे नव्हते. पण त्या काटकसरीतून एक मोलाचा नियमही आपोआप तयार झाला: एंटर दाबेपर्यंत माणसाचे सांगून झालेले नाही.

युनिक्सच्या जाणकारांनी या पद्धतीला 'शिजवलेली' पद्धत असे नाव दिले. साफ करून, शिजवून ओळ ताटात वाढायची. याच्या उलट 'कच्ची' पद्धत. तीत प्रत्येक कळ जशी दाबली तशी त्याच क्षणी प्रोग्रॅमकडे जाते आणि साफसफाईची जबाबदारीही त्याच्यावरच पडते. पडदाभर मजकूर दाखवणाऱ्या संपादकाला किंवा खेळाला कच्ची पद्धतच लागते.

मध्यस्थाकडे आणखी एक अधिकार होता. काही कळा तो पुढे पाठवतच नाही, त्यांचा अर्थ स्वतः लावतो. आजच्या लिनक्समध्ये कंट्रोल-सी दाबले, की प्रोग्रॅम हिशेबात कितीही गुंतलेला असला तरी त्याला 'थांब' असा थेट इशारा जातो. ही हाक इतर अक्षरांच्या रांगेत उभी राहत नाही. कंट्रोल-एसने स्क्रीनवरचा मजकूर थबकतो आणि कंट्रोल-क्यूने पुन्हा वाहू लागतो. चुकून कंट्रोल-एस दाबून 'टर्मिनल बंद पडले' म्हणत संगणक पुन्हा सुरू करणारे आजही भेटतात. बंद काही पडलेले नसते. टेलिप्रिंटरच्या काळातली आज्ञा मध्यस्थ निमूटपणे पाळत असतो.

कर्सर वर सरकला

१९७० च्या दशकात कागद गेला आणि काचेची स्क्रीन आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेले व्हीटी-१०० हे त्यातले सर्वांत नावाजलेले टर्मिनल. २४ ओळी, ओळीत ८० अक्षरे. कागदावर फक्त पुढे जाता येई. इथे कर्सर, म्हणजे लुकलुकणारी खूण, वर, खाली, कुठेही नेता येऊ लागली. संगणकाने ठरावीक चिन्हांची मालिका पाठवली की कर्सर सांगितल्या जागी जायचा. प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची ही सांकेतिक भाषा वेगळी. त्यामुळे बर्कले विद्यापीठातल्या बिल जॉय यांनी 'टर्मकॅप' नावाची एक यादीच तयार केली. कोणत्या टर्मिनलला काय सांगितले की तो काय करतो, हे तीत नोंदलेले असायचे.

सोय वाढली, तसा जुना प्रश्न अवघड झाला. कागदावर एक ओळ, एक एंटर, एक आज्ञा असा सरळ हिशेब होता. आता स्क्रीनवर दहा-वीस रकाने असलेला अर्ज दिसू लागला. माणूस खालपर्यंत जाऊन पुन्हा वर येऊ शकत होता, आधीचे उत्तर बदलू शकत होता. मग त्याचे सांगून झाले, हे यंत्राने कशावरून ओळखायचे?

आयबीएमने १९७१ मध्ये आणलेल्या ३२७० टर्मिनलने याचे एक स्वच्छ उत्तर दिले होते. सगळी भराभर आणि खाडाखोड टर्मिनलमध्येच करा. एंटर दाबले की भरलेला अर्ज एकदम मुख्य संगणकाकडे जाईल. सहीनंतरच कागद टेबलावर सरकवावा, तसे. पण सगळ्यांनी ही पद्धत घेतली नाही. एका यंत्राने तर वेगळीच खूण धरली: कर्सर सर्वांत खालच्या ओळीवर पोचला, म्हणजे माणसाचे सांगून झाले.

आठ सेकंद

ते यंत्र होते थेरॅक-२५. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनवले होते. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ यंत्रे बसवली होती. त्याचा कारभार पीडीपी-११ संगणकावर चाले आणि तंत्रज्ञासमोर असे तेच व्हीटी-१०० टर्मिनल. तयार ऑपरेटिंग सिस्टीम न वापरता कंपनीने स्वतःची छोटी सिस्टीम लिहून घेतली होती. कीबोर्ड वाचणे, स्क्रीनवर लिहिणे, चुंबके जुळवणे, मात्रा मोजणे ही कामे तीत आळीपाळीने चालत आणि एकमेकांसाठीचे निरोप सामाईक जागेत ठेवत.

यंत्राचे उपचार दोन प्रकारचे होते. इलेक्ट्रॉनचा झोत सौम्य, चुंबकांनी पसरवून दिला जाणारा. क्ष-किरणांसाठी मात्र सुमारे शंभरपट तीव्र झोत लागे; तो धातूच्या लक्ष्यावर आदळे आणि पुढच्या गाळणीतून पसरून रुग्णापर्यंत येई. कोणत्या प्रकारासाठी झोताच्या वाटेत काय उभे राहायचे, हे एक फिरते चक्र ठरवत असे.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथील कर्करोग केंद्रात एका रुग्णाला इलेक्ट्रॉन उपचार द्यायचे होते. तिथे या यंत्रावर पाचशेहून अधिक रुग्णांचे उपचार होऊन गेले होते. तंत्रज्ञ महिलेचा हात कामात बसलेला होता. तिने सवयीने 'ई' ऐवजी क्ष-किरणांचे 'एक्स' अक्षर टाइप केले. चूक लगेच लक्षात आली. वरच्या बाणाची कळ दाबून ती त्या रकान्यात गेली, 'ई' केले, बाकीच्या रकान्यांवरून भराभर एंटर दाबत खाली आली आणि झोत सुरू करण्याची आज्ञा दिली. स्क्रीनवर सगळे बरोबर दिसत होते.

आत वेगळेच घडले होते. कर्सर पहिल्यांदा तळाशी गेला, तेव्हाच कीबोर्ड हाताळणाऱ्या भागाने 'माहिती पूर्ण' अशी खूण करून टाकली होती. ती पाहून दुसऱ्या भागाने 'एक्स'प्रमाणे चुंबके जुळवायला घेतली. त्याला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत झालेली दुरुस्ती त्याच्या कानावर गेलीच नाही. फिरत्या चक्राने मात्र नवे 'ई' वाचले. हॉटेलात गिऱ्हाइकाने आधी सांगितलेला पदार्थ बदलावा, एका आचाऱ्याला ते कळावे आणि दुसऱ्याने जुनाच पदार्थ शिजवावा, तसे हे झाले. झोत क्ष-किरणांच्या तीव्रतेचा, आणि वाटेत लक्ष्य नाही, गाळणी नाही.

स्क्रीनवर संदेश आला: 'बिघाड ५४'. त्याचा उलगडा करणारे काही तंत्रज्ञाच्या हाताशी नव्हते. शेजारचा आकडा सांगत होता की २०२ पैकी फक्त ६ एकक मात्रा गेली आहे. यंत्र किरकोळ कारणांनी नेहमीच अडत असे, आणि अशा वेळी 'पुढे चालू' म्हणून 'पी' कळ दाबायची सवयच झाली होती. तिने ती दाबली. रुग्ण दुसऱ्या खोलीत होता. त्याला पाहण्याचा कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकवणारी यंत्रणा बिघडलेली होती. पहिल्या झटक्यानंतर तो उठू पाहत असतानाच दुसरा झोत आला. ठरलेली मात्रा १८० रॅड होती. नंतरच्या अंदाजानुसार एका छोट्या जागी, एका सेकंदाहून कमी वेळात, १६,५०० ते २५,००० रॅड गेले होते. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला.

तीनच आठवड्यांनी, ११ एप्रिलला, तिथेच तशीच दुरुस्ती, तोच संदेश आणि आणखी एक रुग्ण. त्याचा १ मे रोजी मृत्यू झाला. १९८५ ते १९८७ दरम्यान या यंत्रामुळे अतिमात्रेच्या एकूण सहा घटना घडल्या आणि तीन मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले. सहाही घटनांचे कारण हेच नव्हते. जानेवारी १९८७ मधल्या घटनेत संगणक प्रणालीतली वेगळी चूक सापडली.

कळीवर चिकटपट्टी

टायलरचे कोडे कंपनीने नव्हे, केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि त्या तंत्रज्ञ महिलेने सोडवले. नेमके काय काय दाबले होते, हे ती आठवत राहिली आणि दोघे तो क्रम पुनःपुन्हा करत राहिले. अखेर उलगडा झाला: दुरुस्ती सावकाश केली तर सगळे ठीक चालते, भराभर केली तरच 'बिघाड ५४' येतो. कामात जितका हात बसलेला, तितका धोका अधिक!

कंपनीने सुचवलेला पहिला उपाय वाचून आजही थक्क व्हायला होते. वरच्या बाणाची कळ वापरू नका; तिची टोपी उपटून काढा आणि आतला जोड चिकटपट्टी लावून कायमचा उघडा ठेवा, असे तिने रुग्णालयांना कळवले. माणसाला चूक दुरुस्त करू देणारी कळच बंद!

खरा दोष कळीत नव्हता, खूण ओळखण्यात होता. कर्सर तळाशी गेला, म्हणजे माणसाचे सांगून झाले असे नव्हे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच दोष होता. पण तिथे चुकीच्या स्थितीत झोत सुरू होऊ न देणारे विजेचे स्वतंत्र अडसर होते. फ्यूज उडायचा, यंत्र थांबायचे, रुग्ण वाचायचा. नव्या यंत्रात संगणकावर भिस्त ठेवून ते अडसर काढून टाकले होते. पुढे सुधारणा झाल्या त्या याच दिशेने: संगणकावर अवलंबून नसलेले अडसर बसवले, मोघम आकड्यांऐवजी अर्थ कळेल असे संदेश आले आणि मात्रेत बिघाड दिसला तर नुसते 'पुढे चालू' करण्याची मुभा काढून घेतली.

आजचा मध्यस्थ

आज टेलिप्रिंटर संग्रहालयात गेले, व्हीटी-१०० सुद्धा. पण मध्यस्थ कायम आहे. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलची खिडकी उघडली, की ऑपरेटिंग सिस्टीम एक 'आभासी टर्मिनल' उभे करते. प्रोग्रॅमला वाटते, आपण तारेने जोडलेल्या जुन्या यंत्राशीच बोलतो आहोत. जगभरातले सर्व्हर दुरून चालवणारे अभियंते, त्यात पुण्या-मुंबईचेही असंख्य, रोज याच सोंगाच्या आधारावर काम करतात.

जुने प्रश्नही नव्या रूपात येतात. दोन कामे एकाच वेळी टर्मिनलवर लिहू लागली तर एकमेकांची माहिती बिघडवू शकतील, असा दोष लिनक्समध्ये २०१४ साली सापडला. तो तिथे पाच वर्षे दडून होता. जात तीच, एकाचे दुसऱ्याला वेळेवर न कळण्याची. आणखी एक सोय होती, जिने प्रोग्रॅमला 'ही अक्षरे माणसानेच टाइप केली' असे भासवता येई. तिचा गैरवापर होऊ शकतो म्हणून ओपनबीएसडीने ती २०१७ मध्ये काढूनच टाकली आणि लिनक्सने २०२३ मध्ये ती बंद ठेवण्याचा पर्याय दिला.

आपल्या लिपीचाही इथे संबंध येतो. टर्मिनलची घडण इंग्रजीसाठी, एक कळ, एक अक्षर, एक चौकोन अशी. 'क्षि' हे आपल्याला एकच अक्षर दिसते. संगणकासाठी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक असतात आणि साठवणीत बारा बाइट. मग खोडण्याची कळ एकदा दाबल्यावर काय जायला हवे? पूर्वी मध्यस्थ एकच बाइट खोडायचा आणि मागे अर्धवट कचरा उरायचा. लिनक्समध्ये सुधारणा झाल्यावर तो निदान एक पूर्ण घटक खोडू लागला.

थेरॅकच्या प्रकरणानंतर वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी कडक नियम झाले. आयईसी ६२३०४ हे त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून आहे. सामान्य वापरणाऱ्यासाठी यातून घ्यायचे ते सोपे आहे. चांगले यंत्र शेवटची कळ दाबण्याआधी आपण काय सांगितले ते परत वाचून दाखवते: कुणाला, किती, कधी. आपण तो पडदा बहुतेक वेळा न वाचताच 'पुढे' दाबतो. रक्कम असो, तिकिटाची तारीख असो वा औषधाची मात्रा, तो पडदा एकदा वाचावा. आणि यंत्राने न कळणारा आकडा दाखवला, तर 'पुढे चालू' दाबण्याआधी त्याचा अर्थ कुणाला तरी विचारावा.